शेवट पटत नाही

"बाकी सगळं ठीक आहे, पण शेवट पटत नाही," कात्री म्हणाले आणि सभागृहात चुळबूळ झाली.

त्या गृहस्थांना फिल्म क्लबमध्ये सगळे पाठीमागे कात्रीच म्हणत. उभा जन्म त्यांनी संकलक म्हणून दुसऱ्यांचे चित्रपट कापण्यात घालवला होता आणि कौतुक करायची वेळ आली की त्यांना नेमका खोकला यायचा. क्लबतर्फे मोठ्या महोत्सवाला दरवर्षी एकच लघुपट जाई. कोणता, ते कात्री ठरवत.

त्यांच्यासमोर उभी होती ती मुलगी दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घ्यायची. अकरा मिनिटांचा हा तिचा पहिलाच लघुपट. कॅमेरा म्हणजे तिचा फोन, माइक मैत्रिणीचा उसना, घर आईबाबांचं आणि नायिका म्हणजे खुद्द आई. महोत्सवात जायचं या एका वेडापायी तिने वर्षभराच्या सगळ्या रजा उडवल्या होत्या.

आतापर्यंत सगळं छान चाललं होतं. फ्रिजची घरघर ऐकू येते, दोन शॉट धूसर आलेत, एवढ्यावर लोकांनी तिला सोडलं होतं. एका नर्सबाईंनी तर डोळे पुसत विचारलं होतं, "आई, अभिनय कुठे शिकलात?"

"ही? हिनं शाळेतसुद्धा कधी स्टेजवर पाय ठेवला नाही," बाबांनी परस्पर सांगून टाकलं. आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाबांनी द्यायचं, ही त्या घरातली छत्तीस वर्षांची पद्धत. "बॅग घेऊन जिना उतरायचा सीन सात वेळा घेतला. मी स्वतः लाइट धरून उभा! आणि दर वेळी 'परत घेऊ' कोण म्हणायचं? हीच!"

लोक हसले. आईही हसली.

"पहिल्यांदा पाय लटपटत होते," ती हळूच म्हणाली. "मग सवय झाली."

"बॅग मात्र खरोखरची जड वाटते हं," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"खरेच कपडे भरले होते," मुलगी म्हणाली. "आईचा हट्ट. रिकामी बॅग उचलली की लगेच कळतं म्हणे."

आणि एवढं सगळं सुरळीत पार पडल्यावर कात्रींनी ते वाक्य टाकलं होतं.

"मला सांगा," ते पुढे म्हणाले, "हा नवरा पीत नाही. हात उगारत नाही. बाई साठीला आलेली. ती इस्त्री करता करता उठते, बॅग भरते आणि चालायला लागते? कशासाठी? अशा बायका जात नसतात. तळमजल्यापर्यंत जाईल, थोडी उभी राहील आणि वर येऊन चहा टाकेल. तसा शेवट करा. मंगळवारपर्यंत दिलात तर तुमचाच पाठवतो."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" बाबा म्हणाले.

मुलीने मनातल्या मनात हिशेब केला. काम एका दिवसाचंच होतं. बाहेर पडल्यावर बाबा कात्रींशी गप्पा मारत मागे राहिले, तेव्हा तिने आईला गाठलं.

"आई, रविवारी परत शूट करू. खालपर्यंत जायचंस आणि वर यायचंस. बस, एवढंच."

"नाही."

आईच्या तोंडून हा शब्द असा सुटा तिने कधी ऐकला नव्हता. तो येई तेव्हा त्याच्या मागेपुढे दहा सबबी असत.

"अगं, केवढी संधी आहे!"

"लोकांना पटत नाही म्हणून तिनं परत यायचं?"

"गोष्टच आहे ना गं ती."

"मग गोष्टीत तरी जाऊ दे तिला," आई म्हणाली.

मुलगी दोन दिवस धुमसली. आईचा राग आला, कात्रींचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. रविवारी तिने अकरा मिनिटं पुन्हा पाहिली आणि आई परत येतेय अशी कल्पना करून पाहिली. ते तिलाच बघवेना. तिने कात्रींना कळवलं: शेवट बदलणार नाही. मग उशीत तोंड खुपसून पोटभर रडली.

मंगळवारी दुपारी दवाखान्यात फोन वाजला. कात्री होते.

"तुमचा लघुपट बायकोला दाखवला. म्हटलं, तूच सांग, अशी जाईल का बाई? तिनं शेवट तीनदा लावून बघितला. मग म्हणाली, हिनं एवढा उशीर का केला?" कात्रींना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. "तर शेवट आहे तसा राहू द्या. क्लबतर्फे तुमचाच जातोय. आणि... चांगला झालाय."

ती अशी किंचाळली की डॉक्टर हातातलं यंत्र तसंच घेऊन बाहेर धावले. पेशंटही आ वासून मागोमाग आला. तिने दोघांनाही मिठी मारली. जन्मात एवढा आनंद तिला झाला नव्हता. एक ओळ, एक शॉट, काही काही बदललं नव्हतं आणि तरी ती जिंकली होती. ती कुठली, आईच जिंकली होती!

आईचा फोन बंद लागला. तिने घरी लावला.

"बाबा, आईला द्या आधी! पटकन!"

"आई इथं कुठली? तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे?"

"म्हणजे काय! शेवट बदलायचाय म्हणून सकाळीच निघाली की. मीच तर बॅग खाली नेऊन टॅक्सीत ठेवून दिली."