पांढरे धागे

समीक्षाने सलाईनची बाटली उलटी करून काळ्या पाटीसमोर धरली. आत एक पांढरा धागा संथपणे खाली उतरत होता. तिने खोक्यातल्या बाकीच्या बाटल्या पाहिल्या. त्यांतही तेच.

"हा माल नाई जाऊ शकत, सर."

गोदामाचा मॅनेजर मुकेश वैतागला. "पास करून टाका, मॅडम. वडनेरकडचे दवाखाने खोळंबून राह्यले."

"हे माणसाच्या रक्तात जाते."

"मंग नोकरी सोडा." त्याने तिच्या हातातला शिक्का ओढून घेतला आणि स्वतःच मारला.

सावंगीच्या त्या गोदामात ती तपासनीस होती, पण नावालाच. तिचा नकार याआधीही असाच पुसला गेला होता. या वेळी मात्र तिने धाग्यांचे फोटो काढले, काही बाटल्या नमुना म्हणून बाजूला ठेवल्या आणि धीर करून मुंबईच्या मुख्य कचेरीत फोन लावला.

"उद्या माणूस येईल," पलीकडून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पिकलेले केस, मृदू आवाज, बोलणंही आपल्याच भागातलं. तिला हायसं वाटलं. त्यांनी तिच्यादेखत मुकेशला झापलं, "पोरीले समजते, ते तुमाले समजत नाई?" मुकेश बाहेर गेला.

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "फिल्टर फाटला का असे धागे येतात. तुनं मोठा अनर्थ टाळला, बेटा."

समीक्षाचे डोळे भरून आले. या नोकरीत असं कुणी तिला म्हटलंच नव्हतं.

"नमुने आणखी कुठं ठेवले?"

"कपाटात, साहेब. कुलूप लावून."

"सारेच दे. अन् फोटो मले पाठवून तुह्या फोनमधून पुसून टाक. माल पाठवणाऱ्याले पत्ता लागला तं तुलेच गुंतवतीन."

तिने फोटो पुसले. बाटल्या स्वतःच्या हाताने त्यांच्या गाडीत नेऊन ठेवल्या. जाताना साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडी वळणाआड गेली. समीक्षा मागच्या धक्क्यावर आली, तर हमाल बंडूजी तीच खोकी ट्रकमध्ये चढवत होते.

"बंडूजी, थांबा! साहेबानं माल अडवला न!"

खांद्यावरचं खोकं न उतरवताच बंडूजींनी तिच्याकडं पाहिलं.

"कोन्ते साहेब, मॅडम? आत्ता गेले ते? त्याह्यच्याच फॅक्टरीचा तं माल होय हा."