उजेडातलं प्रवाळ

"'दिवा लावला की उरतं ते पोकळ कापड,'" बाबांनी पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

"कोरं," तिनं चहाचा कप स्टुलावर ठेवला. "पोकळ नाही, कोरं लिहिलंय."

"तेच ते."

बाबांच्या गेल्या प्रदर्शनाचं, कुणीतरी टोपणनावानं लिहिलेलं ते परीक्षण सहा महिने भिंतीला टोचलेलं होतं. बाबांची चित्रं मुळात अंधारासाठीच असत. दिवसभर उजेड पिऊन काळोखात चमकणारा रंग, आणि त्यात काढलेली प्रवाळं, जेलीफिश, खोल पाण्यातले स्वयंप्रकाशी मासे. तरुणपणी बोटीवर नोकरी करताना त्यांनी असं पेटलेलं पाणी पाहिलं होतं. तीस वर्षं तेच रंगवत आले होते. आता मात्र सगळ्यांत मोठ्या चित्रावर ते साधे रंग चढवत होते. गुलाबी, शेंदरी. दिवा लावल्यावरही प्रवाळ दिसलं पाहिजे म्हणून.

"वरून इतका जाड थर दिलात, तर खालचा रंग उजेड पिणार कसा?"

"तुझं मत विचारलंय का मी? तू आपली पुस्तकं वाच." मग जरा मवाळ होत म्हणाले, "प्रदर्शनाला येईलच हा गृहस्थ. त्याची जिरवायचीय मला."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग खिडकीचा पडदा सारखा केला आणि कामावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चित्रापुढेच पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

प्रदर्शन ठरलेल्या तारखेलाच झालं. बाबांच्या चित्रांना चौकटी करून देणाऱ्या काकांनी, त्यांच्या एकुलत्या एक मित्रानं, सगळं मांडलं. दिव्यांखाली मोठं चित्र देखणं दिसत होतं. लोक माना डोलावत होते.

मग पडदे ओढून दिवे मालवले. तिन्ही भिंतींवरची जुनी चित्रं हळूहळू उजळली. समुद्र पेटला. समोरच्या मोठ्या भिंतीवर मात्र नुसता काळोख.

"इथला बल्ब गेला वाटतं," कुणीतरी कुजबुजलं. कुणी हसलं.

काका तिच्याजवळ सरकले. "त्या शहाण्याच्या चार ओळींपायी हातचं चित्र घालवलं गं त्यानं. आज आला असेल का तो? एकदा नुसतं तोंड बघायचंय मला."

"दिवा लावा, काका."

काकांनी चाचपडत बटण दाबलं.

"बघा," ती म्हणाली. "ते मी लिहिलं होतं."