वरचे तीन मजले

"वरचे तीन धरायचेच नाहीत," दादा कोर्टाच्या व्हरांड्यात चौथ्यांदा पुटपुटला. "सहा म्हणजे सहा. कळलं ना?"

धाकट्या भावाने मान डोलावली, पण जिवाला स्वस्थता नव्हती. बस, ऊठ, घड्याळ बघ, पुन्हा बस, असं सकाळपासून चाललं होतं. इंजिनिअर तो, नकाशावर सही त्याची, तेव्हा शपथेवर बोलायचंही त्यानेच. दोघांनी पर्यावरणाची परवानगी न घेता इमारत उठवली होती आणि राडारोडा बिनदिक्कत मागच्या ओढ्यात लोटला होता. त्याची भरपाई आज ठरायची होती, तीही बांधकामाच्या पसाऱ्यावर. मजले जास्त, तर भुर्दंड मोठा.

वरचे तीन मजले मंजूर नकाशात नव्हतेच. ते दादाने मागाहून चढवले आणि मोठ्या मनाने धाकट्याच्या वाट्याला दिले. "वरची हवा तुला, खालची धूळ मला," असं म्हणून पाठही थोपटली होती. धाकटा हुरळला. त्या भरवशावर त्याने राहतं घर विकलं. बायकोने नवव्या मजल्यावर पडदेसुद्धा लावले. आता डोक्यावर छप्पर काय ते तेवढंच.

पुकारा झाला. धाकटा पुढे गेला.

"पाहणीत नऊ मजले दिसले," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुम्ही सहा सांगताय."

"आमचा प्रकल्प सहाच मजल्यांचा, मॅडम. वरचं त्यात येत नाही."

"नक्की?"

त्याने वळून पाहिलं. दादाने डोळ्यांनीच धीर दिला.

"नक्की."

"ठीक आहे. भरपाई सहाच मजल्यांवर लावते."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. चला, सुटलो एकदाचे. तो जागेवर परतायला निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "जे प्रकल्पात नाही, ते तिथे उभं राहायचंही कारण नाही. वरचे तीन मजले पाडायला कुणाची हरकत?"

आता झाली का पंचाईत! धाकटा स्वतःच्या तोंडाने आत्ताच तर सांगून बसला होता. त्याने आशेने दादाकडे पाहिलं. दादा असल्या अडचणीतून नेहमी वाट काढायचा.

दादा उठला. कोटाचं बटण लावून अदबीने पुढे आला.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "आमची काहीच हरकत नाही."