सीलबंद डबीतलं नाणं

बोलता बोलता जुनं नाणं अंगठ्याने चोळायची आमच्या वडिलांना, अण्णांना, सवय होती. "झिजतंय ते, अण्णा! मातीमोल होईल," म्हणत दादाने एक दिवस ते काढून घेतलं आणि तपासणी संस्थेतून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून आणलं. दर्जा : उत्तम. त्यानंतर अण्णा नुसताच अंगठा बोटावर चोळत बसायचे, अगदी जाईपर्यंत.

आता विकण्याआधी फेरतपासणीला दिलं, तर दर्जा आला : झिजलेलं. दादा मला घेऊन तावातावाने तिथे गेला.

"डबी तुमची, सील तुमचं. मग झिजलं कसं? तेव्हा काय डोळे मिटून शिक्का मारलात?"

तपासनीस बाईंनी तेव्हाचा फोटो पुढे सरकवला. त्यात राजाचं नाक, मुकुट, सगळं ठसठशीत होतं. डबीतला चेहरा गुळगुळीत होता.

"सील शाबूत आहे," त्या म्हणाल्या, "पण नाण्याला रोज हात लागलाय."

तेवढ्यात डबीतून खस्‌ खस्‌ आवाज येऊ लागला. आम्ही दोघं तो ऐकतच लहानाचे मोठे झालो होतो.

दादाचा चेहरा उतरला. "फोडा ती डबी."

नाणं तळहातावर घेऊन त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरलं. "घ्या, अण्णा."

आवाज थांबला. मग दादाची बोटं नाण्यावर हळूहळू, एकेक करून मिटली.

"ही बोटं," तो माझ्याकडे बघत पुटपुटला, "मी मिटत नाहीये गं."