जागेवरच निवारण

"शिडी उतरव," गव्हाणे साहेब म्हणाले. "दोर, हातमोजे, तारेची भेंडोळी, सगळं उतरव. इन्व्हर्टरला जागा कर."

भारतनं शिडी उतरवली. त्याची पिकअप चार वर्षांपासून वीज कार्यालयाच्या कामावर लावलेली होती. तार तुटली, खांब कलला, ट्रान्सफॉर्मरची डीपी जळाली की तो वायरमनला घेऊन निघायचा. गाडी ठेवायची की काढायची, हे साहेबांच्या हातात. त्यामुळं चार वर्षांत 'व्हय साहेब'च्या पुढं त्यानं तिसरा शब्द काढला नव्हता.

वरून नवा हुकूम आला होता. तक्रारीचं निवारण जागेवरच करायचं आणि तिथल्या तिथं, फोटोसकट, लॅपटॉपवर भरायचं. साहेबांचा लॅपटॉप दहा मिनिटांत मान टाकायचा. त्यात मे महिना. निवारण करणाराच घामानं निथळत असेल तर निवारण कसलं? म्हणून लॅपटॉपच्या जोडीला एक छोटा कूलरही आला. मग वायरमनला बसायला जागा उरली नाही. त्याला ऑफिसातच ठेवलं.

उस्मानपुऱ्यातल्या मिस्त्रीनं सकाळभर खपून काम केलं. सीटमागं इन्व्हर्टर आवळून बसवला. बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड केबल ओढली, मध्ये फ्यूज घातला, मागच्या हौद्यात दोन सॉकेटचा बोर्ड ठोकला.

"भारतभाई, इंजन चालू रखना. बंद किया तो बैटरी बैठ जायेगी," तो हात पुसत म्हणाला. मग हौद्यात डोकावला. "लेकिन लाइट सुधारने का सामान किधर है?"

साहेबांनी कूलर लावून पाहिला. वारा झकास येत होता.

पहिलीच तक्रार खिलारवाडीची निघाली. करमाडच्या पुढं, डोंगराकडं, पन्नास उंबऱ्यांची वस्ती. निम्मी माणसं मेंढरांमागं, निम्मी शेंद्र्याच्या कारखान्यांत रोजानं. डीपी जळून सहावा दिवस होता. पाण्याची मोटर बंद, गिरणी बंद. गाडी दिसताच बाया धावत आल्या.

"आली गं डीपी!"

आत टेबल होतं, खुर्ची होती, कूलर होता आणि साहेब होते.

"तक्रार कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," म्हणत पुतळाबाई पुढं झाली. "नातीनं टाकली मोबाईलवरून."

तिच्या आप्पांना, म्हणजे नवऱ्याला, दमा होता. दिवसातून दोनदा मशीननं वाफ घ्यावी लागायची. सहा दिवस ती त्यांना कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर बसवून करमाडला नेत होती. आज सगळ्या मोटारसायकली कामावर गेल्या होत्या. आप्पा लिंबाखाली बाजेवर बसून श्वास ओढत होते. प्रत्येक श्वासाला बरगड्या वर येत होत्या.

पुतळाबाईनं साहेबांना विचारलंच नाही. ती सरळ भारतकडं वळली.

"लेकरा, ह्या डब्यावर ह्यांचं मशीन चालंल का रं?"

बोर्डात जागा दोनच. एकीत लॅपटॉप, दुसरीत कूलर. भारतनं साहेबांकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं आणि कूलरची पिन उपटली.

बायांनी बाज उचलून गाडीला भिडवली. मशीन घरघरलं. मास्कमधून वाफ निघाली. साहेब ताडकन उठले, पण त्यांची नजर लॅपटॉपवर गेली. फॉर्ममध्ये एकच रकाना उरला होता: 'चालू उपकरणासह ग्राहकाचा फोटो'.

साहेबांचा चेहराच खुलला. "आजोबा, जरा इकडं बघा."

फोटो निघाला. बटण दाबलं गेलं. तेवढ्यात नातीच्या, सृष्टीच्या हातातला मोबाईल वाजला. कॉलेजात चार्ज करून आणलेला. तिनं मोठ्यानं वाचलं, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. खिलारवाडीचा वीजपुरवठा सुरळीत सुरू झाला आहे."

बायांनी डीपीकडं पाहिलं. ती होती तशीच काळीठिक्कर होती.

"साहेब, लाईट कुठंय?" पुतळाबाईनं विचारलं.

"नोंद झाली ना आता! डीपी येईल पंधरा दिवसांत." साहेबांनी लॅपटॉप मिटला. "भारत, काढ ते मशीन. अजून चार गावांचं निवारण व्हायचंय."

"व्हय साहेब," भारत सवयीनं म्हणाला आणि त्याचा हात पिनेकडं गेला. आप्पांचा श्वास आता कुठं जरा खाली बसू लागला होता. मास्कवरून त्यांचे डोळे भारतच्या हाताकडं लागले होते. बोलायला दम नव्हता.

भारतनं हात मागं घेतला.

"नाय साहेब."

इंजिनाच्या आवाजात आपल्याला चुकीचं ऐकू आलं असं साहेबांना वाटलं. "काय म्हणालास?"

"तुमीच लिव्हलंय, लाईट आली म्हणून," भारत म्हणाला. "आलेली लाईट आता न्यायची कशी?"

पुतळाबाईला एवढं पुरलं. ती पुढच्या चाकासमोर फतकल मारून बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. थोड्या वेळानं मागच्या चाकांपाशीही बसायला जागा उरली नाही. एकीनं तर लॅपटॉपची पिन काढून आपला मोबाईल चार्जिंगला लावला.

साहेबांनी आधी दम दिला. मग समजावलं. मग घाम पुसला. शेवटी ऑफिसला फोन लावला.

"वायरमन पाठवा. डीपी पाठवा. आजच्या आज! कुठूनही काढा, पण खिलारवाडीला पाठवा!"

तिथली तक्रार तर आत्ताच बंद झाली, मग लाईट पुन्हा गेली का, असं पलीकडून कुणीतरी विचारलं.

"गेली नाही हो, आली!" साहेब ओरडले. "आली म्हणूनच तर अडकलोय!"