अर्धी इमारत

मुलगा नशेपायी गेल्यावर ओपल अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्हाभर, घरोघरी मतं मागत फिरली होती. तिथल्या पोलीसप्रमुखाने, शेरीफनेच, तिला शब्द दिला होता, की लोकांनी बांधकामासाठी विक्रीकर वाढवायच्या बाजूने मत दिलं तर नव्या तुरुंगाची अर्धी इमारत व्यसनमुक्तीसाठी राहील. सगळ्यांनी तिच्याकडे बघून मतं दिली. आज उद्घाटनाला तिने व्यसनमुक्तीचं ते दालन उघडून पाहिलं, तर आत लोखंडी गजांआड कैद्यांच्या खाटा ओळीने मांडलेल्या होत्या. "पैसे पुरले नाहीत, ओपलबाई," शेरीफ हातातला केक खात म्हणाला, "आणि कैदी वाढतायत. उपचारांचं पुढच्या वेळी बघू." तेवढ्यात शेजारची वर्ना लेकीला हाताला धरून आली. लेकीच्या खांद्यावर कपड्यांची पिशवी होती. "हिला आजच घेतील ना गं?" वर्नाने विचारलं. शेरीफ पाहुण्यांकडे वळला. ओपलने दालनाचं दार ओढून घेतलं. "घरी ने तिला," ती म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं."