कर्ता

वनखात्याचा ढाण्या आज निवृत्त झाला. ढाण्या म्हणजे शिकाऱ्यांचा माग काढणारा कुत्रा. हार घातले, फोटो काढले. मोठे साहेब म्हणाले, "आठ वर्षं जंगलासाठी राबला बिचारा! आता जो त्याला सांभाळेल, त्याला त्याच्या खाण्या-औषधाचे पैसे दरमहा मिळतील. मरेपर्यंत."

तीच आठ वर्षं त्याचा पट्टा धरून तेच रान मीही तुडवलं होतं. विचारलं, "साहेब, माझं काय?"

"तुझं कंत्राट कुत्र्यापुरतं. तो घरी, तूही घरी."

"मग ह्याला मीच नेतो."

"बघा, याला म्हणतात माया!" साहेबांनी माझा खांदा थोपटला आणि कुत्र्याची लाळ लागलेला हात माझ्याच शर्टाला पुसला.

माया कसली डोंबलाची! तीन महिन्यांचं भाडं थकलंय.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दर महिन्याला? तुमच्या पगारासारखं रखडणार नाही ना?"

"नाही."

मी हातपाय धुऊन जेवायला बसलो. तिने वाढलेलं पहिलं ताट माझ्यासमोरून उचललं आणि ढाण्यापुढे ठेवलं.

"आधी घरातल्या कर्त्याला जेवू द्या."